गवतावरची खुर्ची

फोटो काढणं म्हणजे काय, बटण दाबायचं! असं म्हणणाऱ्या माणसांची मला कीव येते. गेल्या महिन्यापर्यंत मीही त्यांच्यातलाच एक होतो, ही गोष्ट निराळी. पण निवृत्तीच्या दिवशी बंदरावरच्या धान्याच्या कोठारातल्या मंडळींनी माझ्या हातात एक काळाभोर, वजनदार, खराखुरा कॅमेरा ठेवला आणि माझ्यातला कलावंत खडबडून जागा झाला. इतकी वर्षं हा झोपला कसा होता, असं मी बायकोला विचारलं.

"कोठारात झोप छान लागते," ग्लेनिस म्हणाली.

वालारूसारख्या गावात कलावंताला घरातून इतपतच पाठिंबा मिळतो. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि थेट हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्सच्या क्लबात जाऊन जाहीर केलं की यंदाच्या शतकमहोत्सवाचे फोटो डेस ट्रेगिलगस काढणार! बाहेरून माणूस बोलवायची गरज नाही! सेक्रेटरीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू कुठे शिकलास?" मी म्हटलं, "शिकतोय. वर्गात नाव लागलंच आहे." तो म्हणाला, "लागलं असेल तर तूच काढ." सगळ्या क्लबाने टाळ्या वाजवल्या. आता फक्त वर्ग शोधायचा राहिला होता.

वर्ग निवडणं हे बायको निवडण्यापेक्षा अवघड असतं, कारण इथे निवड खरोखर आपण करतो. पहिला वर्ग कॉम्प्युटरवरचा होता. त्यातला शिक्षक इतका उत्साही होता की त्याला बघूनच मला धाप लागली. दुसरा डोंगरातल्या तंबूत होता. रात्रभर उताणं पडून ताऱ्यांचे फोटो काढायचे. माझ्या कंबरेने माझ्या वतीने नकार दिला. तिसरा मात्र शेजारच्या कडीना गावात, दर गुरुवारी सकाळी, मिसेस लॉरेन पेंगली यांचा. या बाई कधी कुणाची स्तुती करत नाहीत अशी त्यांची ख्याती. मला असाच गुरू हवा होता. मी फोन केला.

"एकच जागा शिल्लक आहे," बाई म्हणाल्या. "घरातली एक वस्तू, नैसर्गिक उजेडात. एकच फोटो. रविवारी दुपारी बाराच्या आत पाठवा. आवडला तर कळवीन."

"आणि नाही आवडला तर?"

"तरी कळवीन," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मग मी तयारीला लागलो. तयारी म्हणजे कशी, तर माहितीपुस्तक दोनदा वाचलं, पैकी एकदा जपानी पानं. असंख्य खिशांचं जाकीट विकत घेतलं, आणि त्यातल्या कुठल्याशा खिशात गाडीची किल्ली गेली ती अजून सापडलेली नाही. शिवाय बरेच व्हिडिओ पाहिले, आणि त्यातून मला या कलेचं खरं मर्म गवसलं. ज्याचा फोटो काढायचा तेवढंच लख्ख दिसलं पाहिजे. आजूबाजूचं सगळं धूसर! हे तत्त्व मला इतकं आवडलं की मी ते घरातही वापरू लागलो. ग्लेनिस बोलायला लागली की मी चहाच्या कपावर नजर रोखायचो आणि ती आपोआप धूसर व्हायची. हे प्रयोग तिने फार दिवस चालू दिले नाहीत.

आता वस्तू कुठली? माझी नजर हॅरल्डच्या खुर्चीवर गेली.

हॅरल्ड म्हणजे माझे सासरे. ते गेले, आणि सासूबाई गावातल्या वृद्धांच्या वसाहतीतल्या छोट्या घरात राहायला गेल्या, तेव्हा ही खुर्ची आमच्याकडे आली. चॉकलेटी मखमलीची, पाठ मागे रेलणारी. बाजूचा दांडा ओढला की पायाखालची फळी बाहेर येते. न ओढताही येते, विशेषतः कुणी समोरून चहाचा ट्रे घेऊन चाललं असेल तेव्हा. आमच्या बैठकीच्या खोलीत ती म्हैस बसावी तशी बसलेली असे. पण तिच्याविषयी घरात कुणी ब्र काढायचा नाही! दर रविवारी चर्च सुटलं की सासूबाई, म्हणजे एनिड, आमच्याकडे जेवायला येतात. जेवण झालं की त्या खुर्चीपाशी जातात, तिच्या हातांवरून हलकेच हात फिरवतात, डोळे मिटतात, आणि एक खोल उसासा टाकून तिच्यात बसतात. तो उसासा ऐकून माझ्यासारखा माणूसही हातातला कप खाली ठेवतो. मी एनिडना भितो, पण त्या मला मनापासून आवडतात. ग्लेनिसने मला ताकीद देऊन ठेवली होती, "या घरातून तू आधी जाशील, ती खुर्ची नंतर."

तर रविवार उजाडला. ग्लेनिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, त्यामुळे तालमीसाठी ती सकाळीच गेली. खोलीत उजेड म्हणावा तर नावालाच. मी बाहेर डोकावलो, आणि काय सांगू! घरासमोरच्या रस्त्याकडेच्या गवतावर असं सोनेरी ऊन पडलं होतं की अंगावर काटा आला. मी खुर्ची ढकलत, ओढत, एकदा तिच्याखाली सापडत, एकदाची गवतावर नेली. शेजारी उभा दिवा ठेवला. पायाशी ग्लेनिसची चिनी मातीची किटली. ट्रायपॉड उभारला. मागे दोन्ही बाजूंना कसलेतरी रंगीबेरंगी ढीग दिसत होते. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही, धूसर करू!

बटण दाबलं. कॅमेरा मुका! बॅटरी रात्रभर चार्ज करायची होती, ती मी रात्रभर खिशात जपली होती. कुठल्या खिशात, ते शोधायला थोडा वेळ गेला. मग ट्रायपॉड आणि कॅमेरा काखोटीला मारून आत आलो आणि बॅटरी चार्जिंगला लावली. तेवढ्यात 'श्वास रोखून बटण कसं दाबावं' हा व्हिडिओ बघून घेतला. श्वास रोखायचा सरावही केला. सराव चालू असताना बाहेर एक गाडी थांबल्याचा आवाज आला, पण श्वास रोखलेल्या माणसाने उठू नये असं त्यात सांगितलं होतं.

बाहेर आलो. ऊन होतं. गवत होतं. खुर्ची नव्हती!

दिवा नव्हता! किटली नव्हती! आणि मग सकाळपासून पहिल्यांदा मी आजूबाजूला नीट पाहिलं. शेजाऱ्यांच्या दारात फाटकी गादी. पलीकडे गंजलेला बाथटब. त्याच्या पलीकडे व्यायामाची सायकल, अगदी नवी कोरी, म्हणजे बरीच जुनी पण कधीच न वापरलेली. रस्ताभर प्रत्येक घरासमोरच्या गवतावर ढीग!  अरे देवा! मोठ्या कचऱ्याचा आठवडा!

वर्षातून एकदा पालिकेचा ट्रक येतो. त्याच्या आधी घरातल्या नको त्या अवजड चीजवस्तू लोक गवतावर आणून ठेवतात, आणि ट्रक येण्याआधी ज्याला जे हवं ते त्याने उचलावं. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत, आणि ठेवणाऱ्याने तर खिडकीतून बघायचंही नाही. आमच्याकडे लोक वेगमर्यादा मोडतील, उपास मोडतील, लग्न मोडतील, पण गवताचा कायदा मोडणार नाहीत. जे गवतावर आलं, ते जगाचं झालं! मी स्वतः या कायद्याने आणलेली बाग झाडायची तीन यंत्रं गॅरेजमध्ये आहेत. एकही चालत नाही.

आणि सासूबाई चर्च सुटल्यावर जेवायला येणार होत्या.

समोरच्या मार्ज रोस्कारॉकच्या खिडकीत आमचा दिवा भर सकाळी जळत होता. मी दार ठोठावलं.

"डेस! काय झकास दिवा मिळालाय बघ मला! लोक काय काय टाकतात, नाही? अगदी माजलेत मेले!"

"मार्ज, ते मेले आम्हीच आहोत. तो दिवा आमचा आहे."

"होता का? मला वाटलंच, थोडा जुनाट आहे."

"आणि किटली?"

मार्जने मागे बोट दाखवलं. किटलीत जिरेनियमची फांदी लावून, पाणीसुद्धा घालून झालं होतं! बाईचा कामाचा उरक म्हणजे उरक. मी हात जोडले, गयावया केली. शेवटी दिवा मिळाला. किटली मात्र रोप धरेपर्यंत हलवायची नाही असं ठरलं.

"आणि मार्ज, खुर्ची?"

"ती केव्हने नेली. त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात पाय पसरून गेली बघ, राणीसारखी! धक्क्याकडे गेला तो."

मी कॅमेरा गळ्यात अडकवून धावत सुटलो. माझी धाव म्हणजे इतरांची चाल, पण मनाने मी धावत होतो.

केव्ह नॅनकिव्हेल धक्क्यावर मासे पकडायचं आमिष विकतो, आणि उरलेल्या वेळात स्वतः खेकडे धरतो. तो धक्क्याच्या टोकाला बसला होता. माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीत! पाठ रेललेली, पाय फळीवर, एका हातात जाळ्याची दोरी, दुसऱ्या हातात पेस्टी, म्हणजे खिम्याची भली मोठी करंजी, आणि शेजारच्या बादलीत निळे खेकडे एकमेकांच्या डोक्यावर चढत होते.

"ये डेस, ये! काय खुर्ची आहे लेका! जन्मभर उपड्या बादलीवर बसून खेकडे धरले. आज माझी कंबर मला दुवा देतेय."

"केव्ह, ती खुर्ची माझी आहे."

"होती."

"मी टाकली नव्हती रे!"

"गवतावर होती ना?"

"फोटो काढायला ठेवली होती!"

केव्हचा घास हातातच राहिला. "खुर्चीचा फोटो? मोठ्या कचऱ्याच्या आठवड्यात, गवतावर ठेवून? मग आत जाऊन तू काय करत होतास?"

"श्वास रोखत होतो."

"बरं केलंस. आता सोड."

मी सगळं सांगितलं. हॅरल्डचं सांगितलं, एनिडच्या उसाशाचं सांगितलं. केव्ह मऊ मनाचा माणूस आहे. त्याने टोपीसुद्धा काढली. पण खुर्चीतून उठेना.

"डेस, मला वाईट वाटतंय. पण मी शब्द दिलाय. कुणी कितीही मागितली तरी ही परत द्यायची नाही."

"कुणाला शब्द दिलास?"

"तेही सांगायचं नाही, असाही दिलाय."

मी घड्याळात पाहिलं. चर्च सुटायची वेळ होत आली होती, बारा वाजायचे होते, आणि माझ्याकडे ना खुर्ची होती ना फोटो. मला अक्षरशः रडू यायला लागलं. म्हटलं, निदान एक तरी काम होऊ दे! "हलू नकोस," मी केव्हला ओरडलो, गुडघ्यावर बसलो, आणि श्वास वगैरे न रोखता, उलट जोरजोरात धापा टाकत, बटण दाबलं. फोटो फोनवर घेतला, आणि फार विचार न करता तसाच मिसेस पेंगलीबाईंना पाठवून दिला.

"बघू," केव्ह म्हणाला.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. केव्ह बराच वेळ बघत राहिला. पाठीमागे समुद्र, डोळ्यांवर ऊन, मिशीत पेस्टीचे कण, आणि चेहऱ्यावर असं सुख की जणू सगळी खाडी त्याच्या मालकीची.

"हा मी?" तो हळूच म्हणाला. "आई गेल्यापासून माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं रे." मग त्याने पेस्टी खाली ठेवली, हात पुसले आणि कॅमेरा हातात घेतला. एका सीगलचा फोटो काढला. मग बादलीचा. मग माझ्या बुटांचा. त्याच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी ओळखली. माझ्यातला कलावंत जागा झाला तेव्हा आरशात तीच दिसली होती.

"डेस," तो म्हणाला, "शब्द मोडायचा झाला तर कशासाठी तरी मोडावा."

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. माझा काळाभोर, वजनदार, ज्याच्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी शहाणा माणूस वाटलो असा कॅमेरा! मग मला डोळ्यांसमोर एनिड दिसल्या. जेवण आटोपून खोलीत आलेल्या, आणि हात फिरवायला खुर्चीचा हातच नाही. त्या काही बोलणार नाहीत, नुसत्या उभ्या राहतील, हे मला ठाऊक होतं. ते मला सहन झालं नसतं.

"घे," मी म्हटलं. तोंड मात्र समुद्राकडे फिरवलं.

केव्हला जाळी सोडून येता येत नव्हतं, म्हणून त्याने मासे वाहायची ढकलगाडी दिली. त्या गाडीवर खुर्ची चढवून मी चढावर निघालो. पहिल्याच खाचखळग्यात फळी बाहेर आली आणि मला गुडघ्यावर बसली. दुसऱ्या वळणावर मॅगपाय आला! वसंतात या पक्ष्याची पिल्लं घरट्यात असतात आणि त्याला दिसेल तो माणूस शत्रू वाटतो. खुर्ची ढकलणारा तर त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. त्याने माझ्या टकलावर अशी काही झेप घेतली की मी खुर्चीची उशी डोक्यावर घेऊन पळत सुटलो. समोरून चर्चहून परतणारं एक कुटुंब थबकलं. आईने मुलीला सांगितलं, "बघू नको, तिकडे बघू नको!" मोठ्या कचऱ्याच्या आठवड्यात माणसाला निदान एवढी सभ्यता मिळते.

घरी पोहोचलो. खुर्ची जागेवर ढकलली. तिला आमिषाच्या माशांचा असा वास येत होता की मी ग्लेनिसची लव्हेंडरची बाटली तिच्यावर अख्खी रिकामी केली. आता ती लव्हेंडरच्या शेतात मेलेल्या माशासारखी घमघमू लागली. इतक्यात दारात गाडी थांबली, आणि त्याच क्षणी फोन किणकिणला. मिसेस पेंगली!

"क्षितिज वाकडं आहे," बाईंनी लिहिलं होतं. "माणूस खरा आहे. गुरुवारी या. कॅमेरा विसरू नका."

मी उडीच मारली! जागा मिळाली! क्लबाचे फोटो माझे! मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि उडी मारल्याजागीच बसलो. दात आले होते, चणे मात्र आत्ताच धक्क्यावर देऊन आलो होतो.

ग्लेनिस आणि एनिड आत आल्या. "कसला वास येतोय?" ग्लेनिस म्हणाली. एनिड मात्र दारातच थांबल्या. चाकांचा वॉकर घट्ट धरून, खुर्चीकडे एकटक बघत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला भरून आलं. म्हटलं, केलेल्या कष्टाचं चीज झालं!

"ही," एनिड म्हणाल्या, "ही परत कशी आली?"

"आई, तुम्हाला कसं कळलं ती गेली होती?"

"कसं म्हणजे? सकाळी चर्चला जाताना मीच केव्हला थांबवलं! तो मेला नको-हो करत होता, म्हणे अजून चांगली आहे. मी स्वतः एका बाजूने पाय धरून चढवायला मदत केली. या वयात! आणि त्याला शपथ घातली, कुणी आलं तरी परत द्यायची नाही म्हणून. एकवचनी माणूस तो, तू त्याला असं दिलंस तरी काय?"

 माझा हात गळ्याकडे गेला, तिथे नुसता पट्ट्याचा वळ होता.

ग्लेनिस मट्कन बसली, सुदैवाने दुसऱ्या खुर्चीत. "आई, पण तुला ती खुर्ची इतकी आवडते!"

"मला? कोण म्हणालं?"

"दर रविवारी तू तिच्यावर हात फिरवतेस!"

"स्प्रिंग कुठून वर आलीय ते चाचपत असते मी!"

"आणि तो उसासा?"

"ती स्प्रिंगच, बाळा. तुझ्या बाबांनाही टोचायची. ते म्हणायचे, एनिड, तुझ्यासाठी बसतो. ते गेल्यावर मला वाटलं, तुला बाबांची आठवण म्हणून हवी आहे, मग मी कशी काढू म्हणणार?"

"आणि मी तुझ्यासाठी ठेवली! मला तर ती बघवत नाही!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या की एनिडना डोळे पुसायला माझ्या जाकिटाचा खिसा लागला. तेवढ्यात खुर्चीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिची फळी खाड्कन बाहेर आली. "चल, काढ हिला!" ग्लेनिस म्हणाली. तिघांनी मिळून खुर्ची पुन्हा गवतावर नेऊन ठेवली. मी मधल्या मध्ये एकदा म्हणून पाहिलं की माझा कॅमेरा गेलाय, पण तेव्हा कुणाला ऐकू येत नव्हतं.

जेवायला बसतो न बसतो तोच बाहेर गाडी थांबली. बघायचं नसतं, पण आम्ही तिघंही पडद्याआडून बघायला लागलो. केव्ह उतरला. गळ्यात माझा कॅमेरा. तो खुर्चीपाशी आला, तिच्याभोवती एक चक्कर मारली, आकाशाकडे पाहिलं, मागची गादी आणि बाथटब बाजूला सरकवला, गवतावर पोटावर पडला, आणि शांतपणे एक फोटो काढला. मग उठून खुर्ची गाडीत चढवली, खिडकीकडे मुळीच न बघता टोपीला हात लावला, आणि निघून गेला. खुर्चीही गेली, कॅमेराही गेला! गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, ते असं.

"बघितलंस, जावईबापू?" एनिड म्हणाल्या. "आधी फोटो, मग खुर्ची. वर्गात नाव त्याचं लागलंय की तुझं?"

माझंच लागलंय. गुरुवारी सकाळी जायचं आहे. तोवर कॅमेरा एका सकाळीपुरता मागताना केव्हला म्हणावं तरी काय, याचा सराव मी आरशासमोर करतोय, श्वास रोखून.